परमुलखात भाड्याची फटफटी

अमरावतीहून परतवाड्याला जाणारा रस्ता शहर सोडल्यावर थोड्याच वेळात पेढी नदीपाशी वलगावात येतो, आणि पुढे आसेगाव पूर्णा, परतवाडा, धामणगाव गढी अशी गावे मागे टाकीत सातपुड्याचा पायथा गाठून चिखलदऱ्याच्या घाटात शिरतो. २० डिसेंबर १९५६ रोजी याच वलगावजवळ, अमरावतीच्या वाटेवर असताना, गाडगे महाराजांनी देह ठेवला. एक गाडगे आणि एक खराटा यांपलीकडे ज्यांनी प्रवासाला सामान असे कधी मानलेच नाही, त्या पुरुषाच्या निर्वाणस्थळाजवळून आज पावसाळ्यातील रविवारी सकाळी चामडी जाकिटे, हातमोजे आणि दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या यांनी सजलेले मोटारसायकलींचे तांडे चिखलदऱ्याकडे गर्जत जाताना पाहिले, म्हणजे आपल्या मुलखाच्या प्रवासकल्पनेत अर्ध्या-पाऊण शतकाने केवढे अंतर पाडले आहे हे ध्यानात येते.

या तांड्यांत क्रूझर जातीची गाडी अलीकडे हटकून दिसते. सखल आसन, लांबलचक देह, पुढे पसरलेले पाय, छातीसमोर आरामात आलेले रुंद हँडल, आणि वेगापेक्षा डौलाकडे अधिक ओढा असलेले इंजिन ही तिची लक्षणे. ती चालविणारा विशीतला तरुण बहुधा नसतो. नोकरी किंवा दुकान स्थिरावलेले आहे, मुले शाळेत आहेत, आईवडील घरात आहेत, अशा चाळिशीच्या घरातील गृहस्थाची ही आवड आहे. आणि नेमका हाच गृहस्थ आता सहकुटुंब परदेशी जाऊ लागला आहे. वऱ्हाडातील घराची पहिली परदेशयात्रा पशुपतिनाथाच्या निमित्ताने बहुधा नेपाळात घडते, दुसरी थायलंडला किंवा सिंगापूरला, आणि मुलगा किंवा भाचा अमेरिकेत असला तर तिसरी तिकडे. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला विमान सुटू लागल्याने तर घरातून निघून परमुलखात उतरण्यामधली जुनी दगदगही बरीच ओसरली. मग पोखऱ्याच्या तलावाकाठी किंवा च्यांग माईच्या एखाद्या गल्लीत, दुकानापुढे ओळीने उभ्या असलेल्या भाड्याच्या गाड्या त्याच्या दृष्टीस पडतात, आणि सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नसलेली एक इच्छा त्याच्या मनात उद्भवते.

या इच्छेला थेर म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पक्षात मी नाही. बसच्या काचेतून पाहिलेला मुलूख आणि दुचाकीवरून पाहिलेला मुलूख यांत फरक असतोच. डोंगरातील गारवा, शेतातील ओल्या मातीचा वास, वळणावर अचानक येणारा उतार हे सारे काचेपलीकडे राहून जाते. परंतु ही इच्छा ज्या क्षणी उद्भवते त्या क्षणी तिची पूर्तता करण्याला फार उशीर झालेला असतो, असे माझे निश्चित मत आहे. परदेशात क्रूझर भाड्याने घेण्याच्या व्यवहाराचा तीनचतुर्थांश भाग अमरावतीतच, प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दप्तरात, विम्याच्या कागदात, घाटातील सरावात आणि घरातील बैठकीत पुरा व्हावा लागतो. उरलेला चतुर्थांश तेवढा तिकडचा.

प्रथम गाडीचाच विचार करू. क्रूझरचे कूळ अमेरिकेतले. मिल्वॉकी शहरात १९०३ साली सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कारखान्याने १९०९ मध्ये दोन नळकांड्यांचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे ४५ अंशांत मांडलेले इंजिन आपल्या गाडीवर प्रथम चढविले, आणि त्या विस्तीर्ण देशातील सरळ, लांब, निर्मनुष्य रस्त्यांच्या गरजेतून पुढे या जातीच्या गाडीची घडण ठरत गेली. जेथे तासन्‌तास वळणच येत नाही तेथे चपळतेपेक्षा स्वस्थपणा मोलाचा. म्हणून आसन खाली, पाय पुढे, दोन चाकांतील अंतर मोठे आणि इंजिनाची ओढ कमी फेऱ्यांतच भरपूर. आपल्याकडे बजाजने कावासाकीच्या साहाय्याने २००१ मध्ये ‘एलिमिनेटर’ आणि २००५ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर’ काढून ही बैठक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. रॉयल एन्फिल्डची ‘मीटिओर’ २०२० च्या नोव्हेंबरात आली, आणि तिची थोरली बहीण ‘सुपर मीटिओर ६५०’ तिच्यामागून.

या गाड्यांच्या वजनाकडे हौशी माणसाचे लक्ष सहसा जात नाही, आणि सगळ्या आपत्तींचे मूळ तेथेच असते. आपल्या गावोगावी दिसणारी ‘स्प्लेंडर’ सुमारे ११२ किलोची. ‘मीटिओर ३५०’ भरते १९१ किलो, ‘सुपर मीटिओर’ २४१ किलो, आणि अमेरिकेत भाड्याने मिळणारी मोठी, पेट्यांची, प्रवासी हार्ले साडेतीनशे किलोंच्याही पुढे जाते. चालत्या गाडीचे हे वजन जाणवत नाही. किंबहुना ते खाली असल्यामुळे गाडी रस्त्याला धरून, संथपणे चालते. ते जाणवते उभ्या गाडीला वळविताना, खडीच्या चढावर थांबताना, हॉटेलच्या आवारात मागे ढकलताना. बहुतेक क्रूझरना उलटा गिअर नसतो. नाक उताराकडे करून भिंतीशी उभी केलेली गाडी एकट्याने मागे घेणे अशक्यप्राय होते आणि मग परक्या देशातील चार अनोळखी माणसांची विनवणी करावी लागते; यास्तव उभी करतानाच तिचे तोंड निघण्याच्या दिशेला ठेवण्याचा शिरस्ता पाळावा. गाडी आडवी झालीच तर कंबर वाकवून ओढाताण करू नये. ती उजव्या अंगावर पडली असेल तर आधी बाजूचे स्टँड काढून, गिअर घालून, आसनाला पाठ टेकावी, एक हात हँडलला व एक चौकटीला घालून मांड्यांच्या जोरावर लहान लहान पावलांनी मागे रेटीत तिला उभी करावी. ही युक्ती घरच्या अंगणात, जुनी गादी अंथरून, शेजाऱ्यांच्या हास्याची पर्वा न करता एकदा तरी करून पाहण्यासारखी आहे.

येथे आपल्या कायद्यातील एक विसंगती सांगितली पाहिजे. भारतात गिअरच्या मोटारसायकलीचे लायसेन्स एकच. शंभर सीसीच्या गाडीवर इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखविलेल्या माणसाला अठराशे सीसीची गाडी चालविण्याचा अधिकार त्याच कार्डाने मिळतो. युरोपात असे नाही. तेथे १२५ सीसीपर्यंतची एक पायरी, ३५ किलोवॅट शक्तीपर्यंतची दुसरी, आणि त्यावरील गाड्यांची तिसरी, आणि मधल्या पायऱ्या टाळून थेट तिसरीवर जायचे तर सामान्यतः वयाची चोवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. जपानातही चारशे सीसीवरील गाडीला निराळे लायसेन्स आहे. सारांश, ज्या यंत्रासाठी तिकडच्या नागरिकाने टप्प्याटप्प्याने परीक्षा दिलेल्या असतात, ते यंत्र आपल्या हाती कागदाच्या बळावर बिनतक्रार पडते. कायद्याने दिलेला अधिकार आणि हाताला आलेला सराव यांतील ही फट ज्याची त्यानेच भरून काढायची आहे. त्यासाठी वऱ्हाडातील माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला घटांगच्या बाजूने आणि धामणगाव गढीच्या बाजूने असे दोन रस्ते चढतात. ज्या वजनाची गाडी तिकडे घ्यायची त्या वजनाची गाडी एखाद्या स्नेह्याकडून मागून, मागे माणूस बसवून, एका बाजूने चढावे आणि दुसऱ्या बाजूने उतरावे. क्रूझरचे पायठेवे वळणावर लवकर जमिनीला घासतात, आणि तो खर्र असा आवाज पहिल्यांदा ऐकून दचकण्याची जागा परदेशातील घाट ही नव्हे.

आता दप्तराकडे वळू. परदेशात वाहन चालविण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय परवाना लागतो तो म्हणजे काही स्वतंत्र लायसेन्स नव्हे. आपल्या लायसेन्सचा अनेक भाषांतील, सरकारी मोहोर असलेला तो एक प्रकारचा प्रमाणित उतारा असून मूळ कार्ड सोबत नसेल तर त्याची किंमत शून्य होते. तो ज्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत आपण राहतो तेथून मिळतो, वलगावकरांना एम. एच. २७ चे अमरावती, अकोलेकरांना एम. एच. ३० चे अकोला. ‘नमुना ४ अ’ हा त्याचा अर्ज, शुल्क एक हजार रुपये, आणि मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसेन्स संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने साऱ्या राज्यांसाठी एकच नमुना जाहीर केला आणि त्यावर मूळ लायसेन्सशी जोडलेला क्यूआर कोडही घातला. त्यापूर्वी राज्याराज्यांच्या पुस्तिकांत आकाराचा आणि रंगाचा फरक असे, व परदेशी पोलीस ते उलटसुलट करून पाहत बसत.

अर्ज करण्यापूर्वी एक गोष्ट डोळ्यांखालून घालावी. आपल्या कार्डावर गिअरच्या मोटारसायकलीची नोंद आहे काय? आपल्यातील पुष्कळ जण वर्षानुवर्षे दुचाकी हाकतात आणि कार्डावर नोंद मात्र मोटारीचीच असते, कारण लायसेन्स काढताना एजंटाने जे लिहिले ते कोणी वाचलेच नाही. गावात हे खपून जाते. परदेशात त्या परवान्यावर ‘अ’ वर्गाची, म्हणजे मोटारसायकलीची, मोहोर नसली म्हणजे तुम्ही लायसेन्सविना चालविणारे ठरता, आणि त्याचे परिणाम दंडापुरते थांबत नाहीत हे पुढे विम्याच्या प्रकरणात दिसेल. शिवाय आपल्या कार्डावरील ‘एम.सी.डब्ल्यू.जी.’ ही चार अक्षरे कॅलिफोर्नियातील किंवा टोकियोतील कारकुनाला काहीही सांगत नाहीत. परवान्यावरील ‘अ’ मात्र तो ओळखतो.

हा परवाना सर्वत्र चालतो हा समज चुकीचा आहे. रस्त्यावरील वाहतुकीसंबंधी दोन मोठे आंतरराष्ट्रीय करार झाले. एक १९ सप्टेंबर १९४९ चा जिनिव्हा येथील आणि दुसरा ८ नोव्हेंबर १९६८ चा व्हिएन्ना येथील. आपला परवाना पहिल्या कराराखाली निघतो. जपान नेमका याच कराराखालचा परवाना मानतो, म्हणून तेथे भारतीयाची सोय होते; थायलंड दोन्ही मानतो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या कराराखालचाच परवाना मान्य करतो, आणि म्हणून उत्तरेकडील हा झांगच्या पर्वतरस्त्यांची छायाचित्रे पाहून हुरळलेल्या भारतीयाचा परवाना तेथे कागदाचा तुकडा ठरतो. दुकानदार गाडी देतो, हे खरे. तो तिचे भाडे घेतो आणि कायद्याची जबाबदारी तुमच्यावर राहते. गाडी मिळाली म्हणजे चालविण्याची अनुज्ञा मिळाली, असा अर्थ कोणत्याही देशात काढू नये.

मग जावे कोठे? माझी शिफारस नेपाळापासून आरंभ करण्याची आहे. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही, आपले लायसेन्स चालते, वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने धावतात, आपल्या एका रुपयाला त्यांचे एक रुपया साठ पैसे हा दर १९९३ पासून स्थिर आहे, आणि बजाजच्या व एन्फिल्डच्या गाड्यांचे सुटे भाग व कारागीर कोठेही सापडतात. काठमांडूच्या ठमेल भागात आणि पोखऱ्यात तलावाच्या बाजूला भाड्याची दुकाने आहेत. काठमांडू ते पोखरा हा सुमारे दोनशे किलोमीटरचा महामार्ग धूळ, मालमोटारी आणि चाललेली बांधकामे यांमुळे फार सुखाचा नाही. पोखऱ्यात मुक्काम ठेवून आसपासच्या टेकड्यांवर एक दिवस हिंडणे अधिक शहाणपणाचे. यात्रेकरूंना मोह पडतो तो मुक्तिनाथाचा. ते देवस्थान समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तिकडचा रस्ता कित्येक ठिकाणी दगडगोट्यांचा. ‘सुपर मीटिओर’ जमिनीपासून जेमतेम १३५ मिलिमीटर उंच असते, एन्फिल्डचीच ‘हिमालयन’ दोनशे मिलिमीटरहून अधिक. क्रूझरवरून मुक्तिनाथाला जाण्याचा बेत सांगणाऱ्याला मी स्पष्टपणे ‘जाऊ नका’ म्हणतो. त्या वाटेला दुसऱ्या जातीची गाडी असते, आणि कुटुंब सोबत असेल तर जीप.

थायलंडचा उत्तर भाग हा त्यापुढचा पाठ. तेथील डांबरी रस्ते उत्तम, वाहतूक डावीकडून, आणि च्यांग माईहून पाई गावाला जाणाऱ्या १०९५ क्रमांकाच्या रस्त्यावर ७६२ वळणे असल्याचे तेथील लोक कौतुकाने सांगतात. हा आकडा क्रूझरवाल्याने कौतुकाने ऐकण्याऐवजी विचाराने ऐकावा. त्या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत दुचाकीस्वारांचा वाटा फार मोठा आहे, आणि महानगरांभोवतीच्या द्रुतगती मार्गांवर दुचाकीला बंदी आहे. गाडीसोबत असतो तो सक्तीचा विमा माणसांच्या उपचारापुरता व तोही अल्प रकमेचा. भाड्याच्या गाडीचे नुकसान बहुधा घेणाऱ्याच्याच माथी बसते.

अमेरिकेची गोष्ट निराळी. क्रूझर जेथे जन्मली तेथे ती चालविण्याचे अप्रूप मी समजू शकतो. शिकागोहून सांता मोनिकापर्यंत जाणारा, १९२६ साली आखलेला आणि १९८५ साली अधिकृत यादीतून वगळलेला ‘रूट ६६’ हा सुमारे ३,९०० किलोमीटरचा मार्ग आजही जगभरच्या हौशी स्वारांना बोलावतो. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला जोडून, अथवा लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या पत्नीला चार दिवसांची उसंत मिळाली असता, असा बेत आखणारे मराठी गृहस्थ असतात. तेथे भाड्याचे व्यवहार चोख, गाड्या नव्या, आणि अटी कडक: वय बहुधा किमान एकवीस, मोटारसायकलीची नोंद असलेले लायसेन्स, आणि अनामत रकमेसाठी स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड. जावयाचे कार्ड चालत नाही. वाहतूक उजवीकडून असते आणि तिची सवय तासाभरात होते, असे वाटते. घात होतो तो पेट्रोलपंपावरून किंवा उपाहारगृहातून बाहेर पडताना, रस्ता रिकामा असताना, जेव्हा हात जुन्या सवयीने गाडी डाव्या बाजूला नेतात. मागे बसणाऱ्याने प्रत्येक थांब्यानंतर ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे, एवढे काम त्याच्याकडे सोपवून द्यावे. पंपावर कार्ड घातले की यंत्र पाच आकडी पिनकोड मागते, आणि अमरावतीचा सहा आकडी कोड त्याला पटत नाही. अशा वेळी आत जाऊन कारकुनाकडे आगाऊ पैसे भरावेत.

करारनामा हा या व्यवहाराचा गाभा. मराठी माणूस सातबाराचा उतारा दहादा वाचतो आणि परदेशातील भाड्याचा करार न वाचता सही करतो, हे मोठे आश्चर्य आहे. त्यात पाहायचे ते असे: गाडी चालविणारा म्हणून कोणाचे नाव आहे, कारण दुसऱ्याने पाच मिनिटे चालविली तरी करार मोडतो, दिवसाला किती किलोमीटरची मर्यादा आहे, सरहद्द ओलांडण्यास मनाई आहे काय, आणि नुकसान झाल्यास घेणाऱ्याने पहिली किती रक्कम स्वतः सोसायची आहे. ही शेवटची रक्कम कित्येकदा साऱ्या भाड्याच्या अनेक पट असते, आणि ती कमी करण्यासाठी दिवसागणिक जो जादा आकार मागतात तो क्रूझरच्या बाबतीत देऊन टाकावा. ताबा घेताना गाडीभोवती संथपणे फिरून मोबाईलवर चित्रफीत काढावी, त्यात टाकीवरील जुना ओरखडा, आरशाची फुटकी कड, टायरची झीज, किलोमीटरचा आकडा हे सारे यावे, आणि दुकानदारही चौकटीत आला तर उत्तम. जुन्या ओरखड्याची किंमत नव्या गिऱ्हाइकाकडून वसूल करण्याचा धंदा पर्यटनाच्या गावांत जगभर चालतो.

तारण म्हणून पासपोर्ट मागितला तर देऊ नये. पासपोर्ट आपल्या खिशात असला तरी आपल्या मालकीचा नसतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १७ व्या कलमान्वये तो सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. जी वस्तू आपली नाही ती दुसऱ्याकडे गहाण ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे दुकानदाराला नम्रपणे सांगावे आणि रोख अनामत देऊ करावी. कज्जा झाला तर रोख गेलेली सोसते; पासपोर्ट अडकला तर सारे कुटुंब विमानतळावर अडकते.

विम्याबद्दल थोडक्यात. सहलीसोबत घेतलेला प्रवासविमा दुचाकी अपघाताला लागू होतोच असे नाही. अनेक पॉलिसींत अधिकृत लायसेन्साशिवाय चालविणे, मद्यप्राशन आणि हेल्मेट नसणे ही अपवादाची कारणे असतात, आणि काहींत ठरावीक सीसीवरील गाड्याच वगळलेल्या असतात. पूर्वी उल्लेखिलेली ‘अ’ वर्गाची नोंद येथे उपयोगी पडते. ती नसेल तर पाय मोडल्यावरचा रुग्णालयाचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते, आणि परदेशातील शस्त्रक्रियेचा आकडा कित्येक एकरांच्या कपाशीने फिटत नाही. पॉलिसी काढतानाच मोटारसायकलीचा प्रश्न लेखी विचारून उत्तरही लेखी घ्यावे.

राहिला कुटुंबाचा प्रश्न, आणि खरे पाहता हाच सर्वांत अवघड. गृहस्थाच्या कल्पनेत पत्नी मागे बसलेली असते, केस वाऱ्यावर असतात आणि डोंगर मागे सरत असतात. वास्तवात कित्येक क्रूझरची मागची सीट वीतभर रुंद असून पाठीला टेका नसतो, मागच्या नळकांड्याची धग नेमकी मांडीला लागते, आणि दोन तासांनी कंबर बोलू लागते. ‘मी नाही बसत बाप्पा त्याच्यावर’ असे जर उत्तर आले, तर त्यात वऱ्हाडी व्यवहारबुद्धी आहे असे समजून ते स्वीकारावे. आणि बसायची तयारी असेल तर पाठीच्या टेक्याची गाडी मागून घ्यावी, दर तासाला उतरावे, आणि पूर्ण बाह्यांचे जाड कपडे व घोटा झाकणारे बूट दोघांनीही घालावेत. ओढणी आणि साडीचा पदर साखळीत व चाकात अडकतात, हे आपल्याकडच्या रस्त्यांनी पुरेसे शिकविले आहे. हेल्मेट शक्य तर घरचेच न्यावे. दुकानातले कोणाच्या डोक्याला किती वेळा लागलेले आहे हे कळायला मार्ग नसतो.

मुलांच्या बाबतीत मी तडजोड करू इच्छीत नाही. टाकीवर एक आणि मध्ये एक अशी चौघांची मिरवणूक गावात चालते म्हणून ती परदेशात चालवू नये. आपल्या सरकारनेही १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर पट्टा व हेल्मेट आवश्यक केले आणि वेगाला ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा घातली. हा नियम किती जण पाळतात हा निराळा विषय. भाड्याच्या करारांत बालकांना बसविण्यास बहुधा साफ मनाई असते. मुले, आजीआजोबा आणि सामान हे मोटारीतून यावेत किंवा हॉटेलातच राहावेत. म्हणजेच बापाने दिवसभर फटफटीवर जायचे आणि आईने परक्या गावात मुले व सासूसासरे सांभाळायचे, अशी विभागणी होते, आणि हिलाच सहल म्हणावयाचे तर ती एका माणसाची सहल झाली. ज्या घरात हा प्रश्न सहलीला निघण्यापूर्वी बोलला गेला नाही, त्या घरात तो तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत बोलला जातो, आणि तेव्हा त्याला धार आलेली असते. तोडगा साधा आहे: गाडी एक दिवसासाठी घ्यावी, सहलीच्या मध्यावर घ्यावी, म्हणजे जागरणाचा शीण उतरलेला असतो आणि परतीची घाई लागलेली नसते, सकाळी लवकर निघून दिवेलागणीपूर्वी परत यावे, आणि दुसरा पूर्ण दिवस पत्नीच्या मर्जीचा, विनातक्रार, राखून ठेवावा.

ज्यांना या साऱ्याची रंगीत तालीम हवी त्यांच्यासाठी गोवा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली केंद्राने १९९७ मध्ये मोटारसायकली भाड्याने देण्याची योजना केली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी ही अशी अधिकृत भाड्याची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये, पोलिसांनी अडविले म्हणजे भुर्दंड पर्यटकालाच पडतो. पणजीहून एखादी एन्फिल्ड किंवा ‘अ‍ॅव्हेंजर’ दिवसभरासाठी घ्यावी, करार वाचावा, चित्रफीत काढावी, पत्नीला मागे बसवून पन्नास-साठ किलोमीटर जाऊन यावे. भाषा आपली, कायदा आपला, आणि चूक झाली तर तिची किंमतही आपल्या चलनात. तेथे जी जोडी संध्याकाळी एकमेकांशी गोडीने बोलत हॉटेलवर परतते, तिने पोखऱ्याचा विचार करायला हरकत नाही.

माझा निवाडा असा की, कुटुंबासह प्रथमच जाणाऱ्याने नेपाळात साडेतीनशे सीसीची एन्फिल्ड एक दिवस घ्यावी, थायलंडात वळणांचा रस्ता टाळून सपाटीवर घ्यावी, व्हिएतनामात घेऊच नये, आणि अमेरिकेतील साडेतीनशे किलोंच्या गाडीला चिखलदऱ्याचा घाट जड गाडीवरून दोन्ही बाजूंनी, मागे माणूस घेऊन, सहज जमू लागल्यावाचून हात लावू नये. आणि ज्यांचे तिकीट ठरले आहे त्यांना एवढीच विनंती की, आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर टाकू नये, आणि तो भरण्याआधी आपले लायसेन्स पाकिटातून काढून त्यावर मोटारसायकलीची नोंद आहे की नाही हे आजच पाहावे; ती नसेल तर आधी शिकाऊ लायसेन्स काढावे लागते, आणि ते मिळाल्यावर किमान तीस दिवस गेल्याखेरीज पक्क्या लायसेन्साची परीक्षा देता येत नाही.